सासऱ्याकडून आलेलं कुलकर्ण: अठराव्या शतकातलं लग्न कागदांत कुठे सापडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराणं वाई परगण्यातल्या एका गावचं, आडनाव कुलकर्णी. घरात सांगत आलेत की मूळपुरुष कोकणातून वर आला, गावच्या कुलकर्ण्याच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि सासऱ्याला मुलगा नसल्यामुळे कुलकर्ण, म्हणजे गावच्या हिशेबाचं वतन (पिढीजात हक्काचं काम), जावयाकडे आलं. काळ 1770 च्या आसपासचा, म्हणजे थोरल्या माधवरावांची कारकीर्द. हाताशी काय आहे, तर सातबारा, 1930 पर्यंत मागे जाणारे फेरफार, फक्त पुरुषांची नावं असलेली सात पिढ्यांची वंशावळ आणि एक मोडी कागद, जो घरात कुणाला वाचता येत नाही. विचारलंय की लग्नावरच्या करांच्या कागदांत काही मिळेल का, आणि मुळात या लग्नाची नोंद कुठल्या कार्यालयात मिळेल.

सरळ उत्तर: कुठल्याच नाही. पेशवाईत हिंदू लग्नाची नोंदवही नावाची गोष्टच नव्हती. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा आला 1953 साली. तलाठ्याकडचा जुना गाव नमुना चौदा हा जन्म-मृत्यूचा, त्यातही लग्न नाही. तुमचं घराणं गोव्यातलं ख्रिस्ती असतं तर गोष्ट वेगळी. तिथे चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू तिन्ही लिहिलेले असतात, गावकारीच्या कागदांत जमीन असते आणि दोन्ही एकमेकांशी ताडता येतात. घाटावर ती सोय नाही.

पण तुमचा खरा प्रश्न लग्नाचा नाहीच. एका घरातलं वतन दुसऱ्या घरात गेलं, ते कसं गेलं, हा आहे. आणि वतन हललं की कागद झाल्याशिवाय राहत नाही. त्या काळी लग्न कुणी लिहून ठेवत नसे, पण जमिनीचं भांडण लागलं की लग्नं भराभर कागदावर येत. कोण कुणाची मुलगी, कुणाला दिली, कुणाला दत्तक घेतलं, कुणी विधवा होऊन माहेरी आली, हे सगळं वाद घालणारेच पंचांसमोर सांगत. म्हणून मी लग्न शोधायला कधी बसत नाही. भांडण शोधतो.

दप्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, जाण्याआधी गोष्ट घरातच तपासून घ्या. पहिली तपासणी गोत्राची. सासरा आणि जावई सगोत्र असू शकत नाहीत. आधीच्या कुलकर्ण्याच्या भाऊबंदांपैकी कुणी आजही त्या गावात किंवा शेजारच्या गावात असेल, तर त्यांचं गोत्र विचारा. ते तुमचंच निघालं तर जावयाची कथा तिथेच संपते. मग ते दत्तक प्रकरण असेल किंवा साधी भाऊबंदकी. दुसरी तपासणी पोटजातीची. तुम्ही कोकणस्थ आणि गावचे जुने कुलकर्णी देशस्थ असतील, तर 1770 च्या सुमाराला असं लग्न होणं फार अवघड होतं. खुद्द नानासाहेब पेशव्यांनी 1760 च्या डिसेंबरात पैठणला वाखऱ्यांच्या मुलीशी केलेलं लग्न देशस्थ घरातलं होतं खरं, पण ते झालं पेशव्यांचं. वाई परगण्यातल्या एका साध्या घराने तसं केलं असेल असं मी पुराव्याशिवाय मानणार नाही. ‘कोकणातून वर आलेले’ म्हणजे कोकणस्थच, असंही नाही हे मात्र लक्षात असू द्या. कऱ्हाडे आणि देशस्थही कोकणात होते.

तिसरी गोष्ट मोजणीची. 1770 ते आज अडीचशे वर्षं. पिढीला अठ्ठावीस-तीस वर्षं धरली तर आठ-नऊ पिढ्या व्हायला हव्यात. तुमच्याकडे सात आहेत. म्हणजे मधे एखादं नाव गळलंय, किंवा उतारवयात दत्तक घेतलेला मुलगा आहे, किंवा 1770 हा आकडाच कुणी तरी अंदाजाने ठेवून दिलाय. तिन्ही शक्यता सारख्याच.

आणि चौथी, जिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही: महालयाची यादी. पितृपंधरवड्यात ज्यांना पिंड द्यायचे त्यांची नावं पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर किंवा एखाद्या जुन्या चिठोऱ्यावर लिहून ठेवलेली असतात. त्यात फक्त बाप-आजा-पणजा नसतात. आईकडचे तीन पुरुष असतात, मामा असतो, सासराही असतो, आणि बहुतेक वेळा गोत्रासकट. वंशावळीत बाई नाही, पण श्राद्धात ती आणि तिचं माहेर दोन्ही आहेत. देवघरातल्या पोथ्या एकदा पानापानाने उलटून बघा. सासऱ्याचं वतन खाणाऱ्या घरात सासऱ्याचं श्राद्ध पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलेलं, किंवा दोन कुलदैवतांचा कुळाचार असलेला माझ्या पाहण्यात आहे. ‘आपल्याकडे एक पान जास्त का वाढतात?’ असं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा.

आता जमीन. इथे चाल उलटीच हवी, आजपासून मागे. 1770 ला थेट उडी मारलीत तर त्या नावाची पाच माणसं सापडतील आणि त्यातला तुमचा कोण हे सांगता येणार नाही. सातबारा, फेरफार, त्यामागे क-ड-ई पत्रक हे जुनं जमीननोंदींचं पत्रक, हा रस्ता तुम्हाला माहीत आहे. कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या अभिलेख कक्षातले लोकही ही नावं लगेच ओळखतात. तुमच्यासाठी त्याहून कामाचे दोन कागद आहेत. एक, गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला (इनाम किंवा वतन म्हणून दिलेल्या) जमिनींची नोंदवही. कुलकर्णाची वतनी जमीन असेल तर ती तिथे वतन म्हणून निराळी दिसेल. दुसरा, 1874 च्या वतन कायद्याखालची वतनाची नोंद. त्यात वतनदार कोण, तक्षिमा, म्हणजे हिस्से, किती आणि वारस कुणाच्या मागे कोण लागला हे मिळतं. कुलकर्ण वतनं 1950 च्या कायद्याने रद्द झाली, त्या वेळच्या प्रकरणांतही जुन्या नोंदींचे हवाले असतात. एवढं केलंत की साधारण 1860 पर्यंत पाय जमिनीवर टेकलेले राहतात.

त्यामागचा टप्पा मोठा मोलाचा, पण सांभाळून घ्यायचा. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि इनामदार-वतनदारांना आपला हक्क सिद्ध करायची वेळ आली. घरोघरचे कागद बाहेर निघाले. कैफियती लिहिल्या गेल्या, वंशावळी जोडल्या गेल्या, सनदांच्या नकला झाल्या. वाई तेव्हा नुकतीच इंग्रजी अमलात आलेली. 1818 नंतर तिथे साताऱ्याच्या महाराजांचं राज्य होतं आणि ते खालसा झालं 1848 नंतर. त्यामुळे तुमच्या बाबतीत पेशवे दप्तर आणि इनाम कमिशन यांच्या मधे सातारा महाराजांचं दप्तर येतं. पुणेकर घराण्याला ही पायरी लागत नाही, तुम्हाला लागेल. सुदैवाने तिन्हींसाठी एकाच ठिकाणी जायचं आहे: पुण्याचं पुराभिलेखागार, कौन्सिल हॉलजवळची ती जुनी दगडी इमारत.

सांभाळून का, तर कमिशनपुढची वंशावळ ही वकिली वंशावळ आहे. जमीन जाऊ नये म्हणून दिलेली. दत्तक मुलगा त्यात औरस म्हणून उभा केलेला असतो, निपुत्रिक भाऊ गाळलेला असतो, आणि मुलीच्या अंगाने आलेला वारसा शक्यतो झाकलेला असतो, कारण सरकारला ‘मूळ घेणाऱ्याचा पुरुषवंश चालू आहे का?’ हेच बघायचं होतं. तुमच्या कथेत तर नेमकी तीच फट आहे. कैफियतीत जावई हा शब्द सापडला नाही म्हणून निराश होऊ नका. आणि मूळपुरुष सासऱ्याचा मुलगा म्हणून दाखवलेला दिसला, तर तेवढ्यावर दत्तक ठरवूही नका.

आता नावांचा घोळ, आणि इथेच बायका कामाला येतात. आपल्याकडे आजाचं नाव नातवाला ठेवतात. समजा रामाजी कृष्ण, त्याचा मुलगा कृष्णाजी राम, त्याचा पुन्हा रामाजी कृष्ण. शंभर वर्षांच्या कागदांत दोन-तीन रामाजी कृष्ण, सगळे त्याच गावचे कुलकर्णी. नुसत्या पुरुषाच्या नावावरून ते वेगळे करणं अशक्य. पण पहिल्या रामाजीची बायको आनंदी आणि दुसऱ्याची भागीरथी असेल, तर गाठ सुटते. म्हणून कागद वाचताना बाईचं नाव आलं की ओळ वहीत उतरवून घ्यायची, तिचा विषयाशी संबंध असो वा नसो. तिच्या नावाआधी काय आहे तेही लिहायचं. सौभाग्यवती असेल तर त्या तारखेला नवरा जिवंत. गंगाभागीरथी, म्हणजे गं. भा., असेल तर गेलेला. दहा वर्षांच्या अंतराने एकाच बाईचे दोन कागद मिळाले, एकात सौ. आणि दुसऱ्यात गं. भा., तर नवऱ्याचा मृत्यू त्या दहा वर्षांत बसला. मृत्यूची नोंदवही नसतानाही. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ब्राह्मणांच्या नावात बिन सहसा नसतो, बापाचं नाव नुसतं पुढे लागतं. आणि लग्नात नाव बदलतं हे विसरू नका. माहेरच्या कागदातली दुर्गा सासरच्या कागदात आनंदी असू शकते. दोघी एकच हे ठरवायला बापाचं किंवा भावाचं नाव जुळावं लागतं.

पेशवे दप्तरात मागायचं काय? तिथले रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, तुमच्या आडनावाने लावलेले नाहीत. प्रांत, परगणा, साल असेच चालतात. म्हणून आधी गाव पक्कं हवं, जुन्या नावानिशी आणि तर्फेसह (तर्फ म्हणजे परगण्याचा पोटभाग). रोजकीर्द म्हणजे सरकारी रोजनिशी, तीत हुकूम, सनदा आणि जमा झालेल्या रकमा तारीखवार येतात. तुमच्या प्रकरणात काही घडलं असेल तर ते बहुधा असं: कुलकर्णी निपुत्रिक वारला, मागे बायको आणि लग्न झालेली मुलगी. बायकोने वतन जावयाला किंवा नातवाला लिहून दिलं. भाऊबंद उठले, म्हणाले वतन आमच्या कुळाचं, दुसऱ्या गोत्रात कसं जातं? मग तक्रीर, म्हणजे दोन्ही बाजूंची म्हणणी. करीना, म्हणजे पहिल्यापासूनची हकिकत. पंचांचा निर्णय मान्य करू असा राजीनामा आणि जामीन. शेवटी निवाडपत्र किंवा महजर, म्हणजे सभेसमोर झालेल्या निर्णयाचा कागद. जिंकणाऱ्याकडून हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड, आणि दत्तक किंवा वारसा मंजूर करायचा तर सरकारची नजर, म्हणजे नजराणा. पैसा सरकारात आला की तो हिशेबात लिहिला गेलाच. निवाडपत्र हरवलेलं असतं, पण हरकीची किंवा नजरेची ओळ रोजकीर्दीत जिवंत असते. ती ओळ आधी शोधा, तारीख हाती लागली की बाकीचं सोपं.

करीना मिळाला तर मात्र पर्वणी. वादी आपल्या पणजापासून सुरुवात करतो आणि अमक्याला दोघे लेक, थोरल्याचा वंश बुडाला, धाकट्याची लेक अमक्या गावी दिली अशी साखळी सांगत खाली येतो. प्रतिवादी तीच साखळी वेगळी सांगतो. दोघांच्या सांगण्यात जेवढं जुळतं तेवढं मी खरं धरतो. शेवटच्या साक्षीही वाचा. पाटलाने नांगराची निशाणी केलेली असते, त्यामागून बाकीचे येतात. सह्यांचा क्रम उगाच नसतो. वडीलकी ज्याची त्याचं नाव आधी, त्यामुळे शाखांत थोरली कुठली आणि धाकटी कुठली हे तिथे कळतं.

मूळ सनद घरात नसली तरी एक वाट राहते. अशी पत्रं एकटी निघत नसत. एक ज्याला वतन दिलं त्याला, एक गावच्या मोकदमाला (पाटलाला), एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना, एक कमाविसदाराला (सरकारी वसुली अधिकाऱ्याला). चौघांपैकी कुणाकडचं तरी टिकतं. वाई परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांच्या घराण्यांतले कागद कुठे गेले याची चौकशी करा. भारत इतिहास संशोधक मंडळात 1910 पासून अशी कितीतरी घरगुती दप्तरं जमा होत आली आहेत, तिथेही विचारा.

तुमच्या मोडी कागदाकडे येतो. वाचता येत नसला तरी तारखेची जागा ओळखता येते, आणि तारीख कळली की अर्धं काम झालं. माधवरावांच्या काळच्या कागदावर साल बहुतेक अरबी शब्दांत असतं. उदाहरणार्थ, ‘सलास सबैन मया व अलफ’. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. मिळून 1173. हा सुहूर सन, तो मृगाला बदलतो. त्यात 599 मिळवले की 1772, आणि कागद पुढच्या जानेवारी ते मृगाच्या दरम्यानचा असेल तर 600 मिळवून 1773. हेच साल शकात 1694, नंदननाम संवत्सर. फसलीत, म्हणजे महसुली सनात, 1182. राज्याभिषेक शकात 99. महिना मुसलमानी असतो आणि तिथीआधी ‘छ’ असतो, म्हणजे चंद्र: छ 15 रज्जब असं. सुहूर सन कोणता आणि महिना कोणता हे दोन्ही पाहिल्याशिवाय इसवी सन लिहू नका. घरगुती वंशावळींत दिसणारी एका वर्षाची चूक जवळजवळ नेहमी इथूनच येते. संवत्सराचं नाव दिलेलं असलं तर त्याने ताडून घ्या, कारण ते साठ वर्षांनी एकदाच येतं.

मोडी वाचणाऱ्याकडे कागद देताना लिप्यंतर ओळीला ओळ मागा, सारांश नको. मोडीत रेघ आधी मारलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ एकच. ‘मौ।’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे असे संक्षेप पावलोपावली. सारांश देणारा अडलेली जागा नकळत भरून टाकतो आणि नेमकं तिथेच तुमचं नाव असतं. न लागलेल्या अक्षरांना टिंबं द्यायला सांगा. फोटो दोन्ही बाजूंचा काढा. पाठीमागे दप्तरात नोंद झाल्याच्या खुणा, बार-सूद वगैरे, असतात आणि कागद जोडून लांब केलेला असेल तर जोडावर शिक्का असतो. अस्सल की नक्कल हे त्यावरून ठरतं.

लग्नावरच्या करांबद्दलही तुम्ही विचारलंय. लग्नटका होता, विधवेच्या पाटावर, म्हणजे पुनर्विवाहावर, पाटदामही होता, आणि गावच्या जमाखर्चात या बाबी दिसतात. बहुतेक ठिकाणी नुसती एकूण रक्कम असते, वधूवरांची नावं नसतात. त्यात वेळ घालवू नका.

त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकेश्वर. तुमच्या गावाचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या वंशावळींच्या वह्या ठेवणारे तिथले परंपरागत गुरुजी, कोण ते शोधा, गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. तिथे जो आला त्याने स्वतः, किंवा गुरुजींनी त्याच्या सांगण्यावरून, बाप-आजा-भाऊ-मुलगे लिहिलेले असतात, बायकांची नावंही मिळतात. तिथे खोटं सांगून कुणाची जमीन वाचणार नव्हती, म्हणून कमिशनच्या वंशावळीपेक्षा मी या वहीला जास्त मानतो. मात्र जुनी वही जीर्ण झाली की नवीत उतरवतात, तेव्हा हाती आलेलं पान मूळचं आहे की उतरवलेलं हे विचारून घ्या. आणि तुमच्या बाबतीत दोन आडनावांनी बघा. कुलकर्णी हे हुद्द्याचं नाव. मूळपुरुष कोकणातून आला तेव्हा त्याचं उपनाव दुसरंच असणार. ब्राह्मणांच्या इनामपत्रांत गोत्र, सूत्र, उपनाव देत असत. घरच्या मोडी कागदात ते मिळालं तर कोकणातल्या गावाचा आणि त्या उपनावाच्या छापील कुलवृत्तांताचा रस्ता उघडतो. कुलवृत्तांतातलं मात्र फक्त सुगावा म्हणून घ्या, त्यातल्या जुन्या पिढ्या बऱ्याचदा ऐकीव असतात.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. 1770 ला तुमचं गाव खालसात, म्हणजे थेट सरकारकडे होतं, की कुणा सरदाराच्या सरंजामात, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी त्याला लावून दिलेल्या मुलखात? सरंजामात असेल तर बारीकसारीक कागद त्या सरदाराच्या दप्तरात झाले असतील आणि पुण्याच्या रोजकीर्दीत गावाचं नावही येणार नाही. हे प्रांत अजमासाच्या, म्हणजे प्रांताच्या जमाखर्चाच्या अंदाजाच्या, कागदांवरून आधी पाहून घ्या, नाहीतर चुकीच्या रुमालांत महिने जातील. दुसरं, वाद झाला होता का? भाऊबंद नसतील किंवा गप्प बसले असतील, तर कागद झालाच नसेल.

तिसरं, मन थोडं घट्ट करून ऐका. जावयाकडे वतन आलं अशी कथा मी बऱ्याच घरांत ऐकतो, आणि कागद उघडले की कधी कधी दुसरंच निघतं. विधवेने वतनाचं काम चालवायला बाहेरून गुमास्ता ठेवला, तो एक-दोन पिढ्यांत मालक झाला. किंवा दुष्काळात वतन विकलं आणि यांनी घेतलं. विकत घेतलेलं वतन सांगायला कमीपणाचं वाटे, सासऱ्याने दिलेलं सांगायला नाही. म्हणून मोडी वाचणाऱ्याला पहिल्यांदा एवढंच विचारा, की कागदात ‘खरेदी’, ‘गुमास्ता’, ‘मुतालिक’ (वतनदाराच्या वतीने काम बघणारा) यातला एखादा शब्द येतो का. आला तर नाशिकला जायच्या आधी खरेदीपत्र शोधा. त्यात विकणाऱ्याच्या घरची सगळी हयात माणसं संमती देताना दिसतील, आणि त्यांच्यात तुमच्या घरात दिलेली मुलगी आहे का तेही कळेल.